धमनीचा फुगवटा आणि कुळाची वही

गोदाकाठच्या गावांना ‘फुगवटा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. निफाड तालुक्यातील सायखेडा हे अशाच गावांपैकी एक. वरच्या अंगाला नाशिकजवळचे गंगापूर धरण, खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि मधून वाहणारी गोदावरी, अशी या परिसराची मांडणी आहे. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्ट महिन्यात सायखेड्यात आणि नदीपलीकडच्या चांदोरीत पुराचे पाणी शिरले होते. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पाण्याचा रेटा सगळ्या काठावर पडतो. पण काठ खचतो तो जेथे आतून आधीच पोकळ झालेला असतो तेथे. वरून पाहता तो भागही इतर काठासारखाच हिरवा आणि भक्कम दिसतो.

मानवी देहातही असा एक प्रवाह अहोरात्र वाहत असतो. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ठोका देते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ही संख्या अडीच अब्जांच्या पुढे जाते. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची एक लाट धमन्यांच्या भिंतीवर आदळते. बहुतेकांच्या धमन्या हा मारा जन्मभर सोसतात. काहींच्या धमनीची भिंत मात्र एखाद्या ठिकाणी दुबळी होते, हळूहळू बाहेर फुगते आणि फुग्यासारखी ताणली जाते. वैद्यकशास्त्रात या विकाराला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मराठीत त्याला धमनीविस्फार असे नाव आहे. हा फुगवटा बहुधा दुखत नाही, खुपत नाही आणि रोजच्या व्यवहारात अडथळाही आणत नाही. तो फुटतो तेव्हा मात्र घरच्यांच्या हाती फार थोडा वेळ उरतो.

आपल्या समाजातील अनेक घरांत एखाद्या काकांची, आत्यांची किंवा आजोबांची अशी आठवण सांगितली जाते : दुकान बंद करून घरी आले, छातीत की पाठीत कळ आली म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेले. ‘अटॅक आला’ एवढ्या दोन शब्दांत ते खाते बंद होते. पुष्कळदा ते खरोखरच हृदयविकाराचे झटके असतात. परंतु त्यांतील काही मृत्यू धमनीचा फुगवटा फुटल्याने झालेले असू शकतात, आणि हा भेद पुढच्या पिढीच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे. या विकाराचे काही प्रकार वारशाने येतात. ज्या कुळाच्या वहीत त्याची नोंदच नाही, त्या कुळातील पुढचा माणूस सावध तरी कसा होणार?

भिंतीची रचना

धमनी म्हणजे साधी नळी नव्हे. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर तलम आणि गुळगुळीत असतो. त्यावरून रक्त वाहते. मधला थर सर्वांत महत्त्वाचा. त्यात स्नायूपेशी आणि इलॅस्टिन नावाच्या लवचीक प्रथिनाचे पडदे एकाआड एक रचलेले असतात. बाहेरचा थर कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा. तो धमनीला वाजवीपेक्षा जास्त ताणू देत नाही. इलॅस्टिन रबरासारखे ताणते आणि पुन्हा पूर्ववत होते. कोलॅजेन दोरखंडासारखे ताण धरून ठेवते. या दोघांच्या भागीदारीवर धमनीचे सारे आयुष्य अवलंबून असते.

या भागीदारीत व्यापारी मनाला चटकन उमगेल अशी एक गोष्ट आहे. इलॅस्टिनची जवळजवळ सगळी ठेव गर्भावस्थेत आणि बालपणात जमा होते. प्रौढ वयात शरीर नवे, कामाचे इलॅस्टिन फारसे तयार करीत नाही. जे मिळाले ते पुढची साठ-सत्तर वर्षे पुरवायचे असते. मुद्दल एकदाच मिळालेली आणि त्यात भर घालता न येणारी ही मुदत ठेव आहे. कोलॅजेनचे तसे नाही. ते चालू खात्यासारखे आहे. जुने मोडते, नवे घडते आणि जमा-खर्च सतत चालू राहतो. वय वाढते तसा इलॅस्टिनवर घसारा चढत जातो आणि भिंतीचा भार अधिकाधिक कोलॅजेनवर येतो. चालू खात्यातही जमेपेक्षा खर्च वाढू लागला की भिंत ढिली पडते. अ‍ॅन्युरिझमचे मर्म या एका वाक्यात सांगता येईल : भिंतीची झीज तिच्या दुरुस्तीपेक्षा वेगाने होऊ लागते.

ही झीज कोण करते? शरीरात मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे असतात. जुनी, निकामी झालेली प्रथिने कापून काढणे हे त्यांचे नेहमीचे काम. भिंतीत दाह निर्माण झाला की तेथे संरक्षक पेशी गोळा होतात आणि ही विकरे गरजेपेक्षा जास्त प्रमाणात सोडतात. मग जुन्याबरोबर चांगले इलॅस्टिन आणि कोलॅजेनही कापले जाते. मधल्या थरातील स्नायूपेशी हे दुरुस्तीचे कारागीर. त्यांची संख्याही रोडावते. तंबाखूचा धूर या दाहाला सतत इंधन पुरवतो. पोटातील महाधमनीच्या फुगवट्याशी धूम्रपानाइतका घट्ट संबंध असलेले, माणसाच्या हातातले दुसरे कारण नाही.

एकदा फुगवटा सुरू झाला की भौतिकशास्त्राचा एक नियम त्याच्या बाजूने काम करू लागतो. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमानुसार नळीच्या भिंतीवरील ताण हा आतील दाब आणि नळीची त्रिज्या यांच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंत जितकी पातळ तितका तो अधिक होतो. धमनी फुगली म्हणजे त्रिज्या वाढली. भिंत ताणली म्हणजे ती पातळ झाली. रक्तदाब तोच राहिला तरी ताण वाढतो. ताण वाढला की धमनी आणखी फुगते. हे चक्रवाढ व्याज आहे, आणि ते माणसाच्या नावे चढत असते. म्हणूनच लहान फुगवटा वर्षानुवर्षे जवळजवळ तसाच राहू शकतो आणि मोठा फुगवटा तुलनेने लवकर वाढतो.

ठिकाण ठरलेले का असते?

नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन नेणाऱ्या गोदाकाठच्या शेतकऱ्याला विचारले, तर पाइप बहुधा सरळ भागात न फुटता वळणावर किंवा जोडावर फुटतो, असे तो सांगेल. धमन्यांचेही पुष्कळसे असेच आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. तेथे एका धमनीच्या दोन शाखा होतात त्या काट्यावर रक्ताचा प्रवाह थेट आदळतो. शिवाय मेंदूतील धमन्यांच्या भिंती इतर धमन्यांपेक्षा पातळ असतात आणि त्यांचे बाहेरचे वेष्टनही नाजूक असते. त्यामुळे तेथे द्राक्षाच्या मण्यासारखे छोटे फुगवटे तयार होतात.

महाधमनीची गोष्ट वेगळी आहे. छातीतील महाधमनीत इलॅस्टिनचे पन्नासांहून अधिक पडदे असतात. पोटात उतरेपर्यंत ते तीसच्या आसपास राहतात. पोटातील महाधमनीत फुगवटे जास्त का होतात, त्याचे एक कारण येथे आहे. तेथे महाधमनीचा व्यास सामान्यतः दोन सेंटिमीटर असतो. तो तीन सेंटिमीटर झाला की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

येथे एक दिलासाही दिला पाहिजे. मेंदूत न फुटलेला लहानसा फुगवटा प्रौढांपैकी सुमारे तीन टक्के लोकांत असतो, आणि त्यांतील बहुसंख्य जन्मभर फुटत नाहीत. तेव्हा ‘अ‍ॅन्युरिझम आहे’ या वाक्याचा अर्थ ‘वेळ भरली’ असा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की आता मोजमाप ठेवायचे, आकार आणि जागा पाहायची आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने निर्णय घ्यायचा.

वारशाचा भाग

१८९६ मध्ये पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे वर्णन केले. तिचे हातपाय आणि बोटे विलक्षण लांब व सडपातळ होती. पुढे या लक्षणसमूहाला मार्फान सिंड्रोम हे नाव मिळाले. उंच, सडसडीत बांधा, दोन्ही हात पसरले असता उंचीपेक्षा जास्त भरणारी लांबी, आत किंवा बाहेर गेलेले छातीचे हाड, डोळ्यातील भिंग जागेवरून सरकणे ही त्याची बाह्य चिन्हे. पण जिवाला धोका असतो तो हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या मुळाशी. सुमारे पाच हजारांत एका व्यक्तीला हा विकार असतो.

त्याचे कारण १९९१ मध्ये सापडले. पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे फायब्रिलिन हे प्रथिन नीट तयार होत नाही. फायब्रिलिन म्हणजे इलॅस्टिनच्या पडद्यांना आधार देणारी बारीक तार. आरंभी संशोधकांना वाटले, की तार कच्ची म्हणून भिंत कच्ची. पुढे अमेरिकेतील हॅल डिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की फायब्रिलिनचे आणखी एक काम आहे. टीजीएफ-बीटा नावाच्या एका प्रभावी संदेशद्रव्याला ते जणू तिजोरीत बंद ठेवते. फायब्रिलिन दुबळे पडले की हा संदेश मोकाट सुटतो आणि भिंतीतील पेशी चुकीच्या दिशेने काम करू लागतात. लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाने मार्फानचा दोष असलेल्या उंदरांत महाधमनी फुगणे थांबल्याचे २००६ मध्ये दिसले. पुढे माणसांवरील मोठ्या चाचणीत ते जुन्या बीटा-ब्लॉकर औषधापेक्षा सरस ठरले नाही. तरीही रक्तदाब आणि ठोक्याचा जोर कमी ठेवणे हे आजही या उपचाराचे पहिले सूत्र आहे.

मार्फान हे या विषयातील एकमेव जनुकीय कारण नव्हे. २००७ मध्ये ह्यूस्टनच्या डायना मिलेविच यांच्या गटाने एसीटीए-२ या जनुकातील दोष शोधला. हे जनुक भिंतीतील स्नायूपेशींना आकुंचनाचे बळ देते, आणि त्याचा दोष असलेल्या माणसाच्या बांध्यात बाहेरून ओळखू येईल असे काहीच नसू शकते. कोलॅजेनच्या एका प्रकाराचे जनुक बिघडले तर धमन्या न फुगताही फाटू शकतात. मूत्रपिंडात असंख्य गाठी होण्याचा जो वंशपरंपरागत विकार आहे, त्याच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत मेंदूतही फुगवटा आढळतो. शंभरातील एक-दोन माणसांच्या हृदयातील महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. त्यांच्यात महाधमनी रुंदावण्याची शक्यता वाढते, आणि हा दोषही कुटुंबात चालत येऊ शकतो.

मार्फान किंवा एसीटीए-२ यांसारख्या दोषांत वारशाचे गणित सोपे आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला दोष असला, तरी प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी. मार्फानच्या सुमारे पाव रुग्णांत मात्र आईवडील निर्दोष असतात आणि दोष नव्यानेच उद्भवलेला असतो.

मेंदूतील आणि पोटातील बहुसंख्य फुगवट्यांत कोणतेही एक जनुक दोषी नसते. तेथे अनेक जनुकांचे लहान लहान वाटे असतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मेंदूतील फुगवट्याशी संबंधित अशी १७ जनुकीय स्थाने दाखवण्यात आली. आणि त्याच अभ्यासाने धूम्रपान व उच्च रक्तदाब यांचा थेट हात असल्याचेही अधोरेखित केले. पोटातील फुगवट्याच्या बाबतीत स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासात वारशाचा वाटा सुमारे ७० टक्के भरला. म्हणजे भांडवल कुळाकडून येते, आणि ते किती लवकर संपवायचे हे बरेचसे माणसाच्या सवयींवर ठरते.

मुंबईतील एक मोलाचे काम

या विषयात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले एक काम आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखे आहे. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. महाविद्यालय उभे राहिले ते एका व्यापारी शेठजींच्या संपत्तीतून मिळालेल्या देणगीवर; आणि अध्यापक भारतीयच असावेत, अशी त्या देणगीची अट होती. याच संस्थेत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण वाचला नाही. मात्र सेन यांचे धमन्यांवरील काम त्याआधीपासून चालू होते.

त्यांच्या विभागात असे तरुण रुग्ण येत, त्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असे, की ज्यांच्या एका हाताची नाडी लागत नसे किंवा वयाच्या मानाने रक्तदाब अतिशय चढलेला असे. महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतीला दीर्घकाळ दाह होऊन ती काही ठिकाणी आकसते, तर काही ठिकाणी फुगते, असा हा विकार. जपानमधील नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यातील रक्तवाहिन्यांचे जे वर्णन केले होते, त्यावरून जगात तो ताकायासू आर्टरायटिस म्हणून ओळखला जातो. सेन यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे, डॉ. केळकर आणि डॉ. परुळकर यांच्यासह १०१ रुग्णांच्या अभ्यासावर एक प्रबंधग्रंथ सिद्ध केला; १९७० च्या दशकाच्या आरंभी तो प्रसिद्ध झाला. या विकाराचा एचएलए-बी५२ या जनुकप्रकाराशी संबंध जपानी रुग्णांत आढळला आणि भारतीय रुग्णांतही त्याच कुळातील जनुकप्रकार अधिक दिसला. फुगवटा हा केवळ उतारवयातील, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार नाही, ही गोष्ट या कामातून ठळक होते. घरातील पंचविशीच्या सुनेला किंवा लेकीला सतत थकवा, बारीक ताप, हात भरून येणे अशा तक्रारी असतील, तर दोन्ही हातांचा रक्तदाब वेगवेगळा मोजून पाहणे हे फार स्वस्त आणि फार मोलाचे निदान आहे.

कापडाच्या ताग्यापासून उपचारापर्यंत

थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील महाधमनीला फुगवटा होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळले. भोवतालच्या ऊती चिडून घट्ट व्हाव्यात आणि भिंतीला आधार मिळावा, अशी त्यामागची कल्पना होती. त्या काळी याहून अधिक काही करणे अवघड होते. पुढे जवळजवळ साडेसहा वर्षे आइन्स्टाइन यांनी काम केले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला, त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि १८ एप्रिल रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तोवर वैद्यकशास्त्र पुढे सरकले होते. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल द्यूबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तेथे मृत व्यक्तीची धमनी जोडली. अमेरिकेतील मायकेल डिबेकी यांनी कापडाची धमनी शिवण्याचे ठरवले. ते स्वतः सांगत, की ह्यूस्टनच्या एका दुकानात ते नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन हे नवे कापड दाखवले. घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी त्याची नळी शिवली आणि ती शरीराला मानवली. कापड दुकानाच्या गल्ल्यावर आयुष्य घालवणाऱ्या आपल्या वाचकांना या गोष्टीचे विशेष वाटेल. वयाच्या ९७ व्या वर्षी खुद्द डिबेकी यांची महाधमनी फाटली, तेव्हा त्यांच्या शरीरातही कापडी धमनीच बसवण्यात आली. ९९ व्या वर्षापर्यंत ते जगले.

१९९० मध्ये ब्यूनस आयर्स येथे ह्वान पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील धमनीतून कापडी नळी आत नेऊन फुगवट्याच्या जागी उघडण्याची पद्धत वापरली. मेंदूतील फुगवट्याच्या मुखाशी चिमटा लावणे किंवा आत बारीक तारेचे वेटोळे भरणे हे उपचारही आज भारतातील मोठ्या शहरांत होतात. साधने आहेत, तज्ज्ञही आहेत. अडते ते वेळेवर कळण्यापाशी.

झाकलेली नोंद

वेळेवर न कळण्याचे एक कारण घरातच असते. विवाह जुळवताना कुळातील आजारांची वाच्यता होऊ नये, असा संकेत अनेक घरांत आजही पाळला जातो. परिचयपत्रात शिक्षण, व्यवसाय, मामाकुळ यांचा तपशील असतो. चाळिशीत अचानक गेलेल्या काकांचा उल्लेख नसतो. त्यामागचा हेतू दुष्ट नसतो. मुलीचे स्थळ मोडू नये, घराला नाव पडू नये, एवढीच काळजी असते. परंतु या मौनाची किंमत बहुधा त्या मुलीलाच मोजावी लागते. गर्भारपणात रक्ताचे प्रमाण आणि महाधमनीवरील ताण वाढतो. जिला मार्फान किंवा तत्सम दोष आहे, तिची महाधमनी या काळात आणि प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत फाटण्याचा धोका वाढलेला असतो. दिवस जाण्यापूर्वी इकोकार्डिओग्राफी करून महाधमनीची रुंदी मोजली, औषधे ठरवली आणि प्रसूतीचे नियोजन मोठ्या रुग्णालयात केले, तर पुष्कळ धोका टळू शकतो. ज्या सासरला काही सांगितलेलेच नाही, तेथे ही तपासणी कोण करवील?

व्यवहारात आपण जोखीम कधी लपवत नाही. भागीदाराला ती आधी सांगतो आणि मग कागद करतो. जोखीम सांगितलेला व्यवहार मोडतो असे नाही; तो सावधपणे होतो, एवढेच. विवाह हा तर जन्माचा करार. कुळातील धमनीविकार ही लग्नाची आडकाठी नव्हे. ती तपासणीची सूचना आहे.

आणखी एक गैरसमज आपल्या घरांत आढळतो. आम्ही शाकाहारी, निर्व्यसनी. आम्हाला असले आजार कसे होतील? निर्व्यसनीपणाचा लाभ मोठा आहे, यात शंका नाही. तंबाखूपासून दूर राहिलेल्या माणसाने पोटातील फुगवट्याचे सर्वांत मोठे कारण टाळलेले असते. पण जन्मतः मिळालेल्या जनुकाला ताटातील अन्न ठाऊक नसते. आणि गादीवर दिवसभर बसून, लोणची-पापड-शेव यांतील मीठ खाऊन चढलेला रक्तदाब शाकाहारी माणसाच्या धमनीवरही तितकाच आदळतो.

घरी करता येण्याजोगे

प्रथम कुळाची वही उघडावी. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहून काढाव्यात. साठीच्या आत अचानक कोण गेले, कोणाला मेंदूत रक्तस्राव झाला, कोणाच्या मूत्रपिंडात गाठी होत्या, कोणाचे महाधमनीचे किंवा झडपेचे ऑपरेशन झाले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावे. वडीलधारी माणसे आहेत तोवरच ही माहिती मिळते.

ज्यांच्या आई, वडील, भाऊ, बहीण किंवा अपत्याला महाधमनीचा फुगवटा होता, त्यांनी डॉक्टरांना तसे सांगून इकोकार्डिओग्राफी किंवा पोटाची सोनोग्राफी केव्हा करावी ते विचारावे. पोटातील फुगवटा असलेल्या माणसाच्या सख्ख्या नातलगांत धोका सुमारे दुप्पट असतो. ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी पुरुषांना या सोनोग्राफीसाठी आवर्जून बोलावले जाते. आपल्याकडे तसे बोलावणे येत नाही. तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या आणि कधीकाळी विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषाने ती स्वतःहून एकदा करून घ्यावी. जवळच्या दोन नातलगांना मेंदूतील फुगवटा झाला असेल, तर एमआरआय पद्धतीने मेंदूच्या धमन्या पाहण्याविषयी मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

रक्तदाब नियमित मोजावा आणि औषध मनाने बंद करू नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या वर्गातील प्रतिजैविके औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेण्याची सवय सोडावी. ज्यांना महाधमनीचा फुगवटा आहे किंवा होण्याची शक्यता जास्त आहे, त्यांनी दुसरा पर्याय असताना ती टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे.

आणि काही लक्षणे घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असावीत. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी किंवा मान ताठणे. एका डोळ्याची पापणी अचानक लोंबणे. छातीतून पाठीकडे चिरत जाणारी कळ. पोटात किंवा कमरेत एकाएकी तीव्र दुखून घेरी येणे. अशा वेळी पित्त झाले म्हणून सोडा किंवा ओवा देत बसू नये. सायखेड्यासारख्या गावातून नाशिक गाठायला जो वेळ लागतो, तोच हाताशी असलेला वेळ असतो; तो घरगुती उपायांत घालवू नये. रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना कुळातील नोंद आधी सांगावी, कारण महाधमनी फाटली असताना तिला हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले, तर अपाय होऊ शकतो. घरच्या माणसाने वेळेवर उच्चारलेले ‘याच्या वडिलांची महाधमनी फाटली होती’ हे एक वाक्य उपचाराची दिशा बदलू शकते.

दिवाळीला वहीपूजन होते. नव्या चोपड्या येतात, जुन्या चोपड्यांतील येणी-देणी नव्या पानावर ओढली जातात. त्या दिवशी घरातील सर्व पिढ्या एकत्र असतात. हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक साधी वही ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर आजोबा-आजींपासून सुरुवात करावी : नाव, वय, आजार, आणि गेले असल्यास कशाने गेले. ‘अटॅक’ एवढेच लिहून थांबू नये. रुग्णालयाचे कागद सापडले तर तेही त्या वहीत जपून ठेवावेत.